संत जोसेफ वाझ : सिंहलद्वीपाचे गोमंतकीय संत

कोलंबो शहरातील गॉल फेस या समुद्रालगतच्या विस्तीर्ण मैदानावर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी फादर जोसेफ वाझ यांना संत म्हणून घोषित केले. श्रीलंकेला लाभलेले हे पहिले कॅथॉलिक संत. मात्र ते जन्माने सिंहली नव्हते आणि तमिळही नव्हते. गोव्यातील साष्टी प्रांतात जन्मलेले, घरी कोकणी बोलणारे, लॅटिन व पोर्तुगीज भाषांतून विद्या संपादन केलेले ते गोमंतकीय धर्मगुरू होते. आयुष्याची अखेरची चोवीस वर्षे त्यांनी सिंहलद्वीपात काढली आणि तेथेच देह ठेवला. गोव्यात त्यांना ‘सांत जुझे वाझ’ या कोकणी नावाने ओळखले जाते.

सतराव्या शतकात आशियात आलेले बहुतेक ख्रिस्ती मिशनरी युरोपीय राजसत्तेच्या छत्राखाली काम करीत. वाझ यांच्या पाठीशी तशी कोणतीही सत्ता नव्हती. ज्या बेटावर ते गेले तेथून पोर्तुगीजांची सत्ता हद्दपार झाली होती आणि नवे राज्यकर्ते डच त्यांच्या पंथाचे वैरी होते. आरमार, खजिना, फर्मान यांपैकी काहीही हाती नसलेल्या या विद्वानाने लोकांची भाषा शिकणे आणि त्यांच्यात राहणे या दोनच साधनांवर विसर्जित झालेला धर्मसमाज पुन्हा उभा केला. आशियातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्यांचे जे वेगळे स्थान मानले जाते, ते याच कारणामुळे.

जन्म आणि विद्याभ्यास

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, तर आई मारिया द मिरांडा बाणावलीच्या. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे घराणे मूळचे गौड सारस्वत ब्राह्मण. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली आणि गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. सांकवाळच्या नृसिंहाचे दैवतही याच काळात पोर्तुगीज हद्दीबाहेर, फोंडा महालातील वेलिंग येथे हलविले गेले. वाझ यांच्या जन्मापर्यंत या स्थित्यंतराला तीन-चार पिढ्या लोटल्या होत्या. धर्म बदलला, तरी गावकीतील मान, जातीचे भान आणि घरची कोकणी यांत फारसा बदल झालेला नव्हता.

याच साष्टीत इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे घालविली होती. मराठी ओवीत रचलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे १६१६ साली छापले गेले. वाझ यांच्या जन्माच्या वेळी स्टीफन्स यांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती. परंतु परदेशी धर्मोपदेशकाने येथील लोकांची भाषा व काव्यपरंपरा आत्मसात करून लिहावे, हा आदर्श त्यांनी साष्टीत घालून दिला होता. पुढे एका साष्टीकराने हाच मार्ग समुद्रापलीकडच्या परक्या भूमीत चोखाळला.

जोसेफ यांचे प्राथमिक शिक्षण सांकवाळला झाले. तेथे ते पोर्तुगीज शिकले आणि बाणावलीत त्यांनी लॅटिनचा अभ्यास केला. नंतर गोवे शहरातील, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यातील, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात त्यांनी साहित्य व वक्तृत्वशास्त्राचे अध्ययन केले. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या हे विषय ते डोमिनिकन संघाच्या सेंट थॉमस अक्वायनस विद्यापीठात शिकले. १६७६ साली आर्चबिशप आंतोनियो ब्रांडाव यांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. दीक्षेनंतर त्यांनी पादत्राणे वापरणे सोडले, ते गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. प्रवचनकार म्हणून त्यांची कीर्ती लवकरच पसरली. सांकवाळला त्यांनी धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी एक लेखी पत्र करून स्वतःला मरियामातेचा कायमचा गुलाम म्हणून अर्पण केले. गुलामांची खरेदी-विक्री राजरोस चालणाऱ्या त्या काळातील गोव्यात एका प्रतिष्ठित घराण्यातील विद्वानाने हा शब्द स्वतःसाठी निवडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्या सांकवाळच्या जुन्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा आज उभा आहे.

एतद्देशीय पाद्र्यांची कोंडी

वाझ यांच्या पुढील निर्णयांचा अर्थ समजण्यासाठी तत्कालीन गोव्यातील धर्मव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या व्यवस्थेचे व नेमणुकांचे व्यापक अधिकार दिले होते. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणत. गोव्यात जन्मलेल्या भारतीयांना ती साधे धर्मगुरू होऊ देई. मोठ्या धर्मसंघांची दारे मात्र त्यांना सामान्यतः बंद असत आणि मानाच्या जागा युरोपीयांकडे जात. भारतीय पाद्री कितीही विद्वान असला, तरी त्याने दुय्यम स्थानीच राहावे, अशी ही रचना होती.

या रचनेला पहिला मोठा धक्का दिला तो दिवाडी बेटावरील मातेऊस द कास्त्रो यांनी. गोव्यात वाट न मिळाल्याने ते रोमला गेले, तेथे शिकले आणि १६३७ साली बिशप झाले. रोमने १६२२ साली स्थापन केलेल्या ‘प्रोपगांडा’ या धर्मप्रसार-मंडळाने त्यांना विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे प्रमुख धर्माधिकारी नेमले आणि त्यांनी डिचोलीला आपले ठाणे केले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांचा संघर्ष अखेरपर्यंत मिटला नाही. कास्त्रो यांचा मार्ग उघड विरोधाचा होता. वाझ यांनी निराळा मार्ग धरला. ज्या ठिकाणी जाण्यास कोणी युरोपीय तयार नव्हता, अशाच ठिकाणी जाण्याची त्यांनी इच्छा धरली.

कानडा मुलखातील तीन वर्षे

सिंहलद्वीपातील ख्रिस्ती लोक धर्मगुरूंवाचून पोरके झाले आहेत, हे वाझ यांच्या कानी आले होते. तेथे जाण्याची त्यांनी अनुज्ञा मागितली. परंतु वरिष्ठांनी १६८१ साली त्यांना कानडा प्रांतात पाठविले. मंगळूर, बसरूर, बारकूर, कल्याणपूर, गंगोळी, कुंदापूर हा किनारपट्टीचा मुलूख तेव्हा केळदीच्या नायकांच्या राज्यात मोडत असे आणि राणी चन्नम्मा तेथे राज्य करीत होती. पुढे जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय देणारी हीच राणी. या भागात गोव्याहून स्थलांतरित झालेली कोकणी भाषक ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती.

कानड्यात पोर्तुगीजांचा पाद्रोआदो आणि रोमचे प्रोपगांडा मंडळ यांच्यात अधिकाराचा तंटा पेटलेला होता. प्रोपगांडाने नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो हे मातेऊस यांचे पुतणे आणि गोमंतकीयच. वाझ गेले ते पाद्रोआदोचे प्रतिनिधी म्हणून. दोन्ही पक्षांचे पाद्री परस्परांचे संस्कार अवैध ठरवीत, आणि भाविकांची कोंडी होई. वाझ यांनी हा वाद चिघळविण्यापेक्षा सामोपचाराचा मार्ग शोधला, पडकी प्रार्थनास्थळे उभारली, छोट्या शाळा काढल्या आणि गावोगाव पायी हिंडून कुटुंबांना धीर दिला. मंगळूरजवळील मुडिपू येथील टेकडीवर त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. तेथे ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असता झरे फुटले, अशी श्रद्धा त्या भागात आहे आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात.

१६८४ साली वाझ गोव्यात परतले, तेव्हा तेथील वातावरण बदलले होते. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीलगतचे जुवे बेट घेतले होते. साष्टी आणि बारदेशात मराठी घोडदळ शिरले होते. मोगल शाहजादा चालून आल्यामुळे महाराजांना माघारी फिरावे लागले आणि गोवे शहर बचावले. या धक्क्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉयने फर्मान काढले की, येथील रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्ससारख्यांनी ज्या लोकभाषेची व्याकरणे रचली, तीच आता राज्याला नकोशी झाली. वाझ यांच्या आयुष्याचा पुढील भाग या फर्मानाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. राज्यसत्ता लोकांना त्यांची भाषा विसरायला सांगत होती, तेव्हा हा धर्मगुरू दोन परक्या लोकभाषा शिकण्याच्या वाटेवर होता.

ओरेटरीची स्थापना

जुन्या गोव्यातील एका टेकडीवर होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स हे चर्च होते. तेथे काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून साधना करीत. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांना येऊन मिळाले आणि लगेचच प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात रोममध्ये सुरू केलेल्या ‘ओरेटरी’ या संस्थेचा नमुना त्यांनी स्वीकारला. या पद्धतीत कडक व्रते नसतात. धर्मगुरू स्वेच्छेने एकत्र राहतात, प्रार्थना, अध्ययन व सेवा करतात. युरोपीय संघांची दारे बंद असताना भारतीयांनी भारतीयांच्या बळावर चालविलेला हा गोव्यातील पहिला धर्मसंघ होय.

या संघाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. जन्मावरून होणाऱ्या भेदाचा फटका बसलेल्या पाद्र्यांनीच स्थापन केलेल्या या संघात पुढे प्रवेश मिळे तो ब्राह्मण मूळ असलेल्या ख्रिस्ती घराण्यांतील पाद्र्यांना. क्षत्रिय मूळ सांगणाऱ्या चार्दो समाजातील पाद्र्यांना अठराव्या शतकात चिंबल येथे आपला वेगळा कार्मेलाइट संघ उभारावा लागला. धर्मांतराने गोव्यातील जातिव्यवस्था संपली नाही, याचा हा ठळक पुरावा आहे.

डच अमलाखालील सिंहलद्वीप

सिंहलद्वीपाच्या किनारी प्रदेशावर पोर्तुगीजांनी दीडशे वर्षे वर्चस्व गाजविले. कँडीच्या राजाशी हातमिळवणी करून डच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना हुसकावण्यास १६३८ पासून प्रारंभ केला. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पडले. डच हे कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट. कॅथॉलिक म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक, असा त्यांचा समज होता. त्यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्चच्या इमारती आपल्या पंथाकडे घेतल्या आणि धर्मगुरूंना थारा देणे हा गुन्हा ठरविला. बाप्तिस्मा व विवाह सरकारी पंथाच्या वहीत नोंदविल्यावाचून वारसाहक्क सिद्ध करणे कठीण झाले. त्यामुळे हजारो कुटुंबे बाहेर प्रॉटेस्टंट आणि घरात कॅथॉलिक असे दुहेरी जीवन जगू लागली. सुमारे तीस वर्षे या समाजाला धर्मगुरू नव्हता. एक पिढी वडीलधाऱ्यांनी शिकविलेल्या प्रार्थनांच्या आधारावर वाढली.

याच समाजाकडे जाण्यासाठी वाझ यांनी १६८६ साली ओरेटरीचे प्रमुखपद सोडले आणि गोव्याचा निरोप घेतला. जॉन नावाचा विश्वासू सेवक अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिला. कानडा, मलबार असा किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करीत ते तुतिकोरीनला पोहोचले. तेथे त्यांनी तमिळचा अभ्यास केला. युरोपीय धर्मगुरूला गोऱ्या कातडीमुळे लपणे शक्य नव्हते. सावळ्या वर्णाच्या वाझ यांना ते शक्य होते. गोव्याच्या धर्मव्यवस्थेत जे जन्मजात न्यून मानले जाई, तेच येथे उपयोगी पडले. अंगात मजुराचे फाटके कपडे घालून, भिक्षेकऱ्याच्या वेशात त्यांनी समुद्र ओलांडला. खडतर सफरीनंतर १६८७ साली ते जाफन्यात उतरले.

जाफन्यातील गुप्त वास्तव्य

जाफन्यात पाऊल ठेवले तेव्हा वाझ आणि जॉन दोघेही आमांशाने जर्जर झाले होते. बरे वाटताच वाझ घरोघर भिक्षा मागू लागले. गळ्यात त्यांनी जपमाळ उघडपणे घातली होती. ती पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटेल तो कॅथॉलिक, असा हा तर्क होता. भिक्षा मागण्यापुरते तमिळ येत होते. ओळख पटल्यावर विश्वास संपादन करण्यासाठी ती भाषा अधिक उपयोगी पडली. एका कुटुंबाने धाडस केले आणि बातमी गुपचूप पसरत गेली.

जाफन्याजवळचे सिल्लालै हे कॅथॉलिकांची वस्ती असलेले गाव त्यांचे मुख्य आश्रयस्थान बनले. दिवसा दडून राहावे, रात्री घरांच्या आडोशाला मिस्सा साजरी करावी, बाप्तिस्मे द्यावेत, विवाह लावावेत आणि पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी निघून जावे, असा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. अखेर डचांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळच्या आदल्या रात्री भाविक जमलेले असता सैनिकांनी छापा घातला. वाझ निसटले. परंतु पकडलेल्यांतील काहींना अमानुष मारहाण झाली आणि एकाचा त्यात अंत झाला. प्रार्थनेसाठी दंड, तुरुंग आणि मृत्यू पत्करणाऱ्या या सामान्य माणसांचा उल्लेख केल्यावाचून वाझ यांचे चरित्र पूर्ण होत नाही. त्यांनी दार उघडले नसते, तर वाझ यांचे कार्य जाफन्याच्या किनाऱ्यावरच संपले असते.

कँडीच्या राजाचा बंदी

डचांचा अंमल बेटाच्या किनारपट्टीवर होता. मधल्या डोंगराळ भागात कँडीचे स्वतंत्र बौद्ध राज्य टिकून होते. वाझ प्रथम त्या राज्याच्या हद्दीतील पुत्तलम बंदरात गेले आणि तेथून १६९२ साली राजधानी कँडीला निघाले. राजदरबारात वावरणाऱ्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने ते पोर्तुगीजांचे हेर असल्याचे राजाच्या मनात भरविले. वाझ यांना अटक झाली. आधी कोठडी, मग नजरकैद, आणि त्यानंतर शहराची हद्द न ओलांडण्याची अट, असे या बंदिवासाचे स्वरूप होते.

बंदिवासातील वेळ वाझ यांनी सिंहली शिकण्यात घालविला. पहाऱ्यावरचे शिपाई, शेजारीपाजारी आणि भेटीला येणारे लोक हेच त्यांचे शिक्षक. तुरुंगाच्या आवारात त्यांनी एक झोपडी उभारून तिचे प्रार्थनास्थळ केले. हा अनवाणी विरक्त हेर असू शकत नाही, हे राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या हळूहळू लक्षात आले. १६९६ च्या अवर्षणात वाझ यांनी उघड्यावर वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रपरंपरेत प्रसिद्ध आहे. पावसाची ही कथा श्रद्धेचा भाग मानली, तरी त्यानंतर राजाने त्यांना राज्यात संचार करण्याची मोकळीक दिली, एवढे खरे.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि सरदार शहर सोडून गेले. रोग्यांना त्यांची माणसेही रानात टाकून देऊ लागली. वाझ मात्र शहरातच थांबले. टाकलेल्या रोग्यांना त्यांनी झोपड्यांत हलविले, त्यांना पेज-पाणी दिले, जखमा धुतल्या आणि बेवारस प्रेते पुरली. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले नाही. राजाचा उरलासुरला संशय या सेवेने फिटला.

येथे विमलधर्मसूर्य राजाचाही उल्लेख आदराने केला पाहिजे. तो निष्ठावंत बौद्ध होता. सिंहलद्वीपात खंडित झालेली भिक्षूंची उपसंपदा पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने याच काळात आराकानहून भिक्षू आणविले. स्वधर्माच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या या राजाने परधर्माच्या एका संन्याशाला आपल्या राज्यात आश्रय दिला. एका ख्रिस्ती पंथाने दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा छळ चालविला असताना छळ होणाऱ्यांना निवारा मिळाला तो बौद्ध राज्यात.

भाषा हेच साधन

१६९७ च्या सुमारास गोव्याच्या ओरेटरीतून जोसेफ द मेनेझिस, जोसेफ कार्व्हालो आदी सहकारी येऊन पोहोचले आणि एकट्याच्या धडपडीला संघटनेचे रूप आले. कँडीचे राज्य हा तळ ठेवून धर्मगुरू डच मुलखात गुप्तपणे जात आणि परत येत. धर्मगुरू मोजके आणि गावे अनेक, म्हणून वाझ यांनी गृहस्थ भाविकांवर भिस्त ठेवली. गावचा प्रमुख ‘मुप्पू’ आणि धर्मपाठ शिकविणारा ‘अण्णावी’ हे दोघे धर्मगुरूच्या अनुपस्थितीत प्रार्थना चालवीत, मुलांना शिकवीत आणि वर्षभराची नोंद ठेवीत. धर्मगुरू पकडला गेला तरी समाज विस्कळीत होऊ नये, अशी ही योजना होती.

तिचा पाया भाषेचा होता. प्रार्थना व धर्मपाठ तमिळ आणि सिंहली भाषांत तयार झाल्यावाचून गृहस्थांना ते चालविता आले नसते. वाझ यांनी या दोन्ही भाषांत असे साहित्य तयार केले व त्याच्या हस्तलिखित नकला गावोगाव फिरविल्या. १७०५ साली गोव्याहून आलेल्या जाकोमे गोन्साल्व्हिस यांच्याकडे त्यांनी हे काम विश्वासाने सोपविले. दिवाडी बेटावर १६७६ साली जन्मलेले गोन्साल्व्हिस कोकणीभाषक. त्यांनी कँडीत बौद्ध पंडितांच्या सहवासात अभिजात सिंहलीचा अभ्यास केला आणि पुढे सिंहली, तमिळ व पोर्तुगीज भाषांत विपुल ग्रंथरचना केली. सिंहली कॅथॉलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या एका प्रमुख ग्रंथाचे नाव ‘देव वेद पुराणय’ असे आहे. ‘क्रिस्तपुराण’ ज्या गोव्यात छापले गेले, तेथून आलेल्या लेखकाने बायबलच्या कथेसाठी पुन्हा ‘पुराण’ हाच शब्द योजावा, यात मराठी वाचकाला एक ओळखीचा धागा सापडेल. ख्रिस्ताच्या यातनांवरील त्यांच्या ‘दुक्प्राप्ति प्रसंगय’ या रचनेवर आधारलेले विलापगायन श्रीलंकेच्या किनारी गावांत उपवासकाळात गाण्याची परंपरा आहे.

वाझ यांची कीर्ती भारतात पसरली होती. पोपचे प्रतिनिधी द तूर्नों हे चीनकडे जाताना पाँडिचेरीला थांबले असता वाझ यांना बिशप करण्याचा विचार पुढे आला. वाझ यांनी तो नाकारला. ज्या पदासाठी मातेऊस द कास्त्रो यांना रोम गाठावे लागले, ते पद या गोमंतकीय पाद्र्याकडे आपणहून चालून आले होते.

अखेर आणि संतपद

अविश्रांत पायपीट, उपवास आणि आजार यांनी वाझ यांची प्रकृती खालावत गेली. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, कँडी येथे त्यांचे निधन झाले. कँडीच्या गादीवर तेव्हा विमलधर्मसूर्याचा पुत्र नरेंद्रसिंह होता. त्याने वाझ यांच्या सहकाऱ्यांवरील राजाश्रय कायम ठेवला. वाझ यांचा देह कँडीतच पुरण्यात आला. ती जागा नेमकी कोणती, हे पुढे विस्मृतीत गेले.

मराठी मनात ‘संत’ हा शब्द लोकमान्यतेने सिद्ध होतो. ज्ञानदेव-तुकोबांना किंवा बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या गजानन महाराजांना संत ठरविण्यासाठी कोणत्याही पीठाचा निर्णय लागला नाही. भक्तांच्या श्रद्धेने ते काम केले. कॅथॉलिक चर्चमध्ये लोकश्रद्धा ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर साक्षी, कागदपत्रे, लिखाणाची तपासणी आणि चमत्कारांची छाननी अशी रीतसर चौकशी चालते. ‘पूजनीय’, ‘धन्य’ आणि ‘संत’ अशा तिच्या पायऱ्या आहेत. वाझ यांच्याबाबत या चौकशीचा प्रारंभ कोचीनच्या बिशपांनी १७१३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दोनच वर्षांत केला. ओरेटरीचे फादर सेबास्तियाव द रेगो यांनी लिहिलेले त्यांचे पोर्तुगीज चरित्र १७४५ साली लिस्बनमध्ये छापले गेले. मात्र हे प्रकरण नंतर रेंगाळले. ज्यांनी ते नेटाने चालवावे, तो गोव्यातील ओरेटरी संघच पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये इतर धर्मसंघांसह बंद केला.

विसाव्या शतकात गोवा व श्रीलंका येथील भाविकांनी पुन्हा पाठपुरावा केला. १९८९ मध्ये वाझ यांना ‘पूजनीय’ ठरविण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत त्यांना ‘धन्य’ घोषित केले. संतपदासाठी सामान्यतः आणखी एका चमत्काराची सिद्धता लागते. पोप फ्रान्सिस यांनी ती अट शिथिल केली आणि २०१५ च्या सोहळ्याचा मार्ग मोकळा झाला. मृत्यूपासून संतपदापर्यंत ३०४ वर्षे लागली.

स्मृती आणि मूल्यमापन

श्रीलंकेवरील डचांची सत्ता १७९६ मध्ये संपली आणि कॅथॉलिकांवरील निर्बंध ब्रिटिशांनी १८०६ मध्ये उठविले. तोवर, म्हणजे वाझ यांच्या आगमनापासून सुमारे एकशेवीस वर्षे गोमंतकीय ओरेटोरियन धर्मगुरूंनी तो समाज सांभाळला. श्रीलंकेतील कॅथॉलिक समाजात तमिळ आणि सिंहली असे दोन्ही भाषक आहेत. वंश आणि भाषेच्या भेदातून दीर्घ यादवी युद्ध सोसलेल्या या देशात दोन्ही भाषकांना जोडणाऱ्या मोजक्या दुव्यांपैकी तो एक मानला जातो. वाझ यांनी दोन्ही भाषा शिकून, दोन्ही समाजांत काम केले होते, म्हणून २०१५ च्या सोहळ्याला तेथे धर्माबाहेरचाही अर्थ होता.

गोव्यात १६ जानेवारीला त्यांचा सण साजरा होतो. सांकवाळ येथील त्यांच्या स्मृतिस्थळी त्या सुमारास मोठी गर्दी लोटते. बाणावलीचे बाप्तिस्म्याचे चर्चही भाविकांना परिचित आहे. जुन्या गोव्यातील ओरेटरीच्या टेकडीवर आता केवळ भग्नावशेष उरले आहेत. जुन्या गोव्यात येणारे बहुतेक पर्यटक संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव असलेल्या बॉम जेझूस बॅसिलिकेतून परततात आणि या टेकडीकडे क्वचितच वळतात.

झेवियर युरोपातून आले आणि त्यांच्या मागे पोर्तुगालच्या राजाचे बळ होते. वाझ याच मातीतले, आणि ज्या व्यवस्थेने त्यांना घडविले तिनेच त्यांना दुय्यम लेखले होते. त्या व्यवस्थेशी त्यांनी भांडण मांडले नाही, पण तिच्या मर्यादेत राहिलेही नाहीत. लॅटिनच्या शाळेत मिळालेली विद्या त्यांनी मानमरातबासाठी खर्च केली नाही. भिक्षा मागताना तमिळ आणि कैदेत सिंहली शिकण्यासाठी ती त्यांच्या कामी आली. आपली भाषा सोडा, असे गोव्यातील सरकार ज्या दशकात रयतेला बजावत होते, त्याच दशकात साष्टीच्या या सुपुत्राने दुसऱ्यांची भाषा त्यांच्या दारात बसून शिकायला सुरुवात केली. त्याच्या थडग्याची जागा कोणाला ठाऊक नाही. पण त्या दोन भाषांत प्रार्थना करणारा समाज श्रीलंकेत आजही आहे.